गोचिडीचे गूढ उकलणारे डॉ. रिकेट्स

अमेरिकेच्या माँटाना राज्यात बिटररूट नावाचे निसर्गसुंदर खोरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे लाकूडतोडे, शेतकरी आणि बागायतदार वस्तीला येऊ लागले आणि त्याच सुमारास एका जीवघेण्या तापाची दहशत पसरली. वसंत ऋतू आला की धडधाकट माणसे अचानक अंथरुणाला खिळत. डोके असह्य दुखे, ताप चढत जाई आणि काही दिवसांतच मनगटांवर व घोट्यांवर लालसर ठिपके उमटून सर्वांगभर पसरत. या खोऱ्यात आजारी पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर', म्हणजे रॉकी पर्वतातील ठिपक्यांचा ताप, या नावाने हा रोग ओळखला जाऊ लागला. डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचे पाणी प्यायल्याने तो होतो, अशी लोकांची समजूत होती. या समजुतीला प्रयोगाने उत्तर देण्याचे काम डॉ. हॉवर्ड टेलर रिकेट्स यांनी केले.

रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी ओहायो राज्यातील फिंडले येथे झाला. नेब्रास्का विद्यापीठातून १८९४ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते शिकागोला आले आणि १८९७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टर झाले. खासगी व्यवसायाऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली. प्रारंभी त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगाचा अभ्यास केल्यावर ते युरोपला गेले आणि तेथील प्रयोगशाळांचा अनुभव घेऊन परतले. १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठात विकृतिशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. रोगसंसर्ग आणि प्रतिकारशक्ती हे त्यांच्या चिंतनाचे विषय होते.

१९०६ च्या वसंतात ते माँटानातील मिसूला गावी दाखल झाले. तेथील रुग्णालयाच्या आवारात उभारलेला तंबू हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली. रोगाचा संबंध गोचिडीशी असावा, असा तर्क विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी १९०२ मध्येच मांडला होता. परंतु पुढे आलेल्या सरकारी तज्ज्ञाने तो अमान्य केला होता. रिकेट्स यांनी वाद घालण्याऐवजी प्रयोग हाती घेतले. रुग्णाचे रक्त टोचल्यावर गिनीपिगला तोच ताप येतो, हे त्यांनी प्रथम दाखवले. त्यानंतर आजारी गिनीपिगच्या अंगावर पोसलेली गोचीड निरोगी गिनीपिगला चावू दिली. काही दिवसांत तोही तापाने फणफणला. डब्ल्यू. डब्ल्यू. किंग हे सरकारी आरोग्यसेवेतील डॉक्टरही त्याच वर्षी याच निष्कर्षाला पोहोचले.

एवढ्यावर रिकेट्स यांचे समाधान झाले नाही. प्रयोगशाळेत गोचीड रोग पसरवते, याचा अर्थ रानातही तसेच घडते असा होत नाही, हे ते जाणून होते. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी खोऱ्यातून गोळा केलेल्या गोचिडी तपासल्या आणि त्यांतील काही निसर्गतःच रोगबाधित असल्याचे सिद्ध केले. बाधित मादीच्या अंड्यांतून रोग पुढच्या पिढीत जातो, हेही त्यांनी दाखवून दिले. माणूस हा या रोगाचा अपघाताने झालेला बळी होता. रोगाचा मुक्काम गोचिडी आणि रानातल्या लहान प्राण्यांत होता. खोऱ्यातील जमिनी आणि सफरचंदाच्या बागा विकू पाहणाऱ्यांना गोचिडीची ही बदनामी रुचली नाही. मात्र पुरावा आता निर्विवाद होता.

रक्तात आणि गोचिडीच्या अंड्यांत रिकेट्स यांना अतिसूक्ष्म जंतू दिसले. १९०९ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि प्रयोगशाळेत ते जंतू वाढवता न आल्याने त्यांना नाव देण्याचे त्यांनी टाळले. रोगातून बचावलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवापासून औषध बनवण्याचे त्यांचे प्रयत्नही सुरू होते. पण रुग्ण वाचवील असे औषध त्यांच्या हाती लागले नाही.

दरम्यान माँटानातील संशोधनाचा निधी अडला. तेव्हा मेक्सिकोत 'तबार्दियो' या नावाने ओळखला जाणारा टायफस ताप धुमाकूळ घालत होता. त्याची लक्षणे ठिपक्यांच्या तापाशी मिळतीजुळती असल्याने रिकेट्स १९०९ च्या अखेरीस आपले सहकारी रसेल वाइल्डर यांच्यासह मेक्सिको सिटीला गेले. टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये नुकतेच दाखवले होते. रिकेट्स आणि वाइल्डर यांनी त्याला स्वतंत्र दुजोरा दिला, तसेच हे दोन ताप दिसायला सारखे असले तरी वेगळे आहेत, हेही स्पष्ट केले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांची वाट पाहत होते. परंतु ज्या रोगाचा ते शोध घेत होते, त्यानेच त्यांना गाठले. ३ मे १९१० रोजी मेक्सिको सिटीत टायफसने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे ३९ वर्षांचे होते.

सहा वर्षांनी हेन्रिक दा रोशा लिमा या ब्राझिली शास्त्रज्ञाने टायफसच्या जंतूला 'रिकेटशिया प्रोवाझेकी' असे नाव दिले. रिकेट्स आणि टायफसनेच मरण पावलेले श्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक या दोघांचीही स्मृती त्या नावात जपली गेली. ठिपक्यांच्या तापाच्या जंतूचे नावही पुढे 'रिकेटशिया रिकेट्सी' असे रूढ झाले. बिटररूट खोऱ्यातील हॅमिल्टन येथे १९२८ मध्ये कायमची प्रयोगशाळा उभी राहिली. याच प्रयोगशाळेतील विली बर्गडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लाइम रोगास कारणीभूत असणारा, गोचिडीतूनच येणारा जिवाणू जगासमोर आणला. रिकेट्स यांच्या तंबूत सुरू झालेल्या शोधाचेच हे पुढचे पाऊल होते.

रिकेट्स यांना जे औषध मिळाले नाही, ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रतिजैविकांच्या रूपाने उपलब्ध झाले. आज डॉक्सीसायक्लिन ही स्वस्त गोळी ठिपक्यांच्या तापावरील प्रमुख उपचार मानली जाते आणि लहान मुलांनाही ती दिली जाते. अडचण निदानाची आहे. पहिल्या काही दिवसांत हा ताप इतर कोणत्याही तापासारखाच भासतो. पुरळ उशिरा उमटते, काहींना उमटतही नाही. रक्तातील प्रतिपिंडे दिसण्यास साधारण आठवडा लागतो, तर औषध मात्र पहिल्या पाच दिवसांत सुरू झाले तरच सर्वाधिक उपयोगी ठरते. म्हणूनच संशय येताच, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करण्यास वैद्यकशास्त्र सांगते. गोचीड चावल्याचे अनेक रुग्णांना आठवतही नाही. त्यामुळे रान, शेत, गुरे किंवा कुत्री यांच्याशी आलेला संबंध डॉक्टरांनी विचारणे आणि रुग्णाने आपणहून सांगणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कुत्र्यांवरील गोचिडींमुळे होणारा 'इंडियन टिक टायफस' हा रिकेटशिया गटातलाच रोग राज्यात आढळतो. २०१८ मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली. त्याचे जंतू याच कुळातले असले तरी ते गोचिडीतून नव्हे, तर सूक्ष्म माइट किड्यांच्या अळ्यांतून माणसात येतात. या दोन्ही तापांवर डॉक्सीसायक्लिन गुणकारी आहे. सिंधुदुर्गात २०१६ पासून चिंतेचा विषय बनलेला माकडतापही गोचिडीमुळेच होतो, परंतु तो विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. तेथे गोचिडींपासून बचाव आणि वेळेवर मिळणारी रुग्णालयीन शुश्रूषा यांवरच भिस्त आहे. तापाची नावे निरनिराळी असली तरी तापाने फणफणलेल्या माणसाला काय चावले असावे, हा रिकेट्स यांचा प्रश्न आजही प्रत्येक दवाखान्यात वेळेवर विचारला जायला हवा. अनेकदा रुग्णाचा जीव त्यावरच अवलंबून असतो.