पंडित धर्मानंद कोसंबी : कथांचा मागोवा घेणारे गोमंतकीय

सायंकाळी देवापाशी दिवा लागल्यावर आजीच्या तोंडून माकड व सुसरीची गोष्ट ऐकली नाही, असे मूल आमच्या म्हापशात पूर्वी विरळाच. काळीज झाडावर राहिले, अशी थाप मारून प्राण वाचविणारे ते माकड पंचतंत्रात आहे, तसेच बौद्धांच्या जातककथांतही आहे. त्या जातककथा मराठी वाचकांच्या हाती देणारे पंडित आपल्याच गोमंतकाचे. त्यांचे चरित्र आमच्या सभासद-कुटुंबांतील मुलांस ठाऊक असावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

धर्मानंदांचा जन्म दि. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टीतील साखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच; तारुण्य वडिलांच्या माडांची देखभाल करण्यात चाललेले. अशात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या धर्माचे मूळ ग्रंथ अभ्यासण्याचा ध्यास लागला. १८९९ साली पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या यांस मागे ठेवून त्यांनी घर सोडले. त्यांच्या विद्येचे मोल बाळाबाईंनीही मोजले आहे, हे आपण विसरता कामा नये.

पुणे व काशी येथे संस्कृताचे अध्ययन, पुढे नेपाळची खडतर यात्रा, १९०२ साली सिंहलद्वीपात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे शिक्षण, नंतर ब्रह्मदेश, असा त्यांचा प्रवास झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठानेही ‘विशुद्धिमार्ग’ ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांस पाचारण केले. पण एवढी विद्या संपादून ते पंडितांपुरते राहिले नाहीत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, आणि ‘जातककथासंग्रह’ व ‘भगवान बुद्ध’ यांसारखे ग्रंथ सामान्यांस समजेल अशा मराठीत लिहिले.

जातकांत दशरथजातक नावाची एक कथा आहे. तीत राम, लक्ष्मण व सीता ही भावंडे आहेत, राजधानी वाराणसी आहे, आणि रावण मुळीच नाही. प्रथम ऐकताना भाविक मनास धक्का बसतो. तथापि पित्याने सांगितलेली मुदत पुरी होईतो राम परतत नाही, आणि भरत सिंहासनावर रामाच्या पादुका ठेवतो, हे तेथेही तसेच आहे. तपशील बदलला, तरी सत्यवचनाचा गाभा सुटला नाही.

खुद्द बुद्धाची कथाही अशीच दूरवर गेली. बोधिसत्त्व हे नाव भाषांतून पालटत पालटत युरोपात जोसाफात झाले, आणि त्या नावाच्या ख्रिस्ती संताची कथा लोक भक्तीने ऐकू लागले. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो याने सतराव्या शतकाच्या आरंभी हे साम्य नोंदविले; एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी त्याचा उलगडा केला. ज्या भूमीवर देवालये पाडली गेली, तेथेच दोन धर्मांच्या कथांचे हे नाते ओळखले गेले, याचे आम्हांस नवल वाटते.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून धर्मानंदांनी शांतपणे देह ठेवला.

त्यांच्या चरित्रावरून आम्हांस एवढेच सुचते की, आपली कथा मुलांस निष्ठेने सांगावी. आणि शेजाऱ्याच्या घरी तीच कथा निराळी निघाली, तर वाद न घालता तीही शेवटपर्यंत ऐकावी. कदाचित ती आपल्याच दारातून गेलेली असेल.