सवयींत रोग शोधणारे डॉ. खानोलकर

कर्करोग म्हणजे नशिबाचे भोग, असे आपल्याकडे अजूनही म्हणतात. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी त्याचे कारण रोजच्या सवयींत शोधले. लंडनहून एम.डी. होऊन ते मुंबईत आले आणि १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. गाठ शरीरात कुठे आहे, याचा मेळ त्यांनी रुग्ण काय खातो, ओढतो, नेसतो याच्याशी घातला.

१९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी तीन प्रकार मांडले. चुन्यात मळलेली खैनी ओठात दाबणाऱ्यांना ओठाचा कर्करोग, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा, आणि वर्षानुवर्षे धोतर घट्ट कसणाऱ्यांना कमरेचा. धोतराचे वाचून मला तर नवलच वाटले!

पुढे पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, सगळे मिळाले. पण आपल्या कामाचे ते तीन प्रकारच.

मोहगाव-सौंसरकडे चुट्टा नाही, खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. गणपतीच्या मंडपामागेही तो घोटला जातो, आणि घोटणारी पोरे अजून कॉलेजातही गेलेली नसतात.