फुलराणीचा कवी

बालकवी म्हटलं की 'श्रावणमास' आणि 'फुलराणी' आठवतात. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला आधी डॅफोडिल्स भेटली आणि बालकवी बऱ्याच उशिरा. पण सोनपेठला सुट्टीत शेताच्या वाटेने फिरताना डॅफोडिल्स कुठून दिसणार? तिथे असतात तरवड, रुई, बाभळी आणि ओढ्याकाठचा उंबर. तोच उंबर बालकवींच्या 'औदुंबर' कवितेत पाण्याकाठी बसलेला आहे!

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव (जि. जळगाव) येथे झाला. वडील पोलीस खात्यात, सारख्या बदल्या. शाळा धड एका गावी झालीच नाही. पण खानदेशातले ओढे, माळ, शेतं मात्र पोटभर पाहून झाली.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. हे अध्यक्ष म्हणजे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, स्वतः कवी आणि वनस्पतींचे नामवंत अभ्यासक! मेजर बसूंबरोबर त्यांनी केलेला औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पानाफुलांची शास्त्रीय नावं पाठ असलेल्या माणसाने फुलांवर नुसता जीव टाकणाऱ्या पोराला ओळखलं, हे मला फार भारी वाटतं.

पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी बालकवींना घरच्यासारखी माया मिळाली. तरी पैशांची ओढाताण आणि मनाची उदासी काही सुटली नाही. 'पारवा' वाचली की हाच का तो फुलराणीचा कवी, असं वाटतं. म्हणजे झाडांत रमणारा माणूस कायम आनंदीच असतो, असं नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले. वय अवघं सत्तावीस.

मित्रांनो, आपण सबमिशन, बॅकलॉग यांतच बुडालेले. फिरायला गेलो की सगळं टेन्शन पळेल, असं मी म्हणणार नाही. बालकवींचंही पळालं नव्हतं. पण उदास मनानेही त्यांनी बघणं सोडलं नाही. येत्या रविवारी हॉस्टेलमागच्या वाटेने जरा चालून या. दिसेल त्या झाडाचं नाव माळीकाकांना विचारा, आणि नाव कळल्यावर लगेच पुढे जाऊ नका. दोन मिनिटं तिथेच थांबा.