विश्लेषण : धुळीआड वाढणाऱ्या कृष्णविवरांची पहिली चाहूल कुणाला लागली? कोण होते कार्ल सायफर्ट?

जवळच्या दीर्घिकांच्या केंद्रात दडून वाढणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या अभ्यासात ‘सायफर्ट दीर्घिका’ हा शब्द वारंवार येतो. तो ज्यांच्या नावावरून पडला, ते कार्ल सायफर्ट मात्र या कोड्याचा उलगडा होण्यापूर्वीच जग सोडून गेले.

वैद्यकाकडून ताऱ्यांकडे...

सायफर्ट यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. ते हार्वर्ड विद्यापीठात गेले ते डॉक्टर होण्यासाठी. तेथे बार्ट बोक यांची खगोलशास्त्रावरील व्याख्याने ऐकून त्यांनी वाट बदलली आणि १९३६ मध्ये याच विषयात पीएच.डी. मिळवली.

१९४३ च्या शोधनिबंधात काय होते?

माउंट विल्सन वेधशाळेतील निरीक्षणांच्या आधारे त्यांनी सहा दीर्घिकांवर निबंध लिहिला. या दीर्घिकांची केंद्रे ठिपक्यासारखी लहान, पण विलक्षण तेजस्वी होती. वर्णपटातील रेषा रुंदावल्या होत्या. याचा अर्थ, तिथला वायू सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने फिरत होता. इतका वेग कशामुळे, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते. शिवाय काळ महायुद्धाचा. निबंधाकडे कित्येक वर्षे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

नॅशव्हिलमध्ये काय केले?

१९४६ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तेथे साधने तुटपुंजी होती. शहरातील उद्योजक-व्यापाऱ्यांकडून मदत मिळवून त्यांनी डायर वेधशाळा उभी केली. ती १९५३ मध्ये सुरू झाली. स्थानिक दूरचित्रवाणीवर ते हवामानाचा अंदाजही सांगत. १३ जून १९६० रोजी मोटार अपघातात, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोडे कधी सुटले?

१९६३ मध्ये क्वेसारची ओळख पटली आणि तेजस्वी केंद्रांचा प्रश्न ऐरणीवर आला. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६९ मध्ये मांडले, की दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवरे असावीत. त्यांच्याभोवती गरगरत आत ओढला जाणारा वायू तापतो, झळाळतो; त्यातला जो आत पडतो, त्याने कृष्णविवराचे वस्तुमान वाढते.

मग ती दिसत का नाहीत?

अनेक ठिकाणी वायू आणि धुळीचे जाड कडे मध्ये येते व दृश्य प्रकाश अडवते. सायफर्ट यांच्या यादीतील एनजीसी १०६८ हे त्याचे ठळक उदाहरण. धुळीआडून परावर्तित होऊन आलेल्या ध्रुवीकृत प्रकाशात तिचे झाकलेले केंद्र १९८५ मध्ये ओळखता आले. २०२२ मध्ये चिलीतील दुर्बिणींच्या अवरक्त निरीक्षणांतून कृष्णविवर झाकणाऱ्या धुळीच्या कड्याचा तपशील मिळाला. अतिऊर्जावान क्ष-किरणही बऱ्याचदा हा पडदा भेदतात. त्यामुळे अशी कृष्णविवरे किती आणि ती किती वेगाने वाढतात, याचा हिशेब आता मांडता येतो. त्याची सुरुवात सायफर्ट यांच्या सहा दीर्घिकांपासून झाली.