माप जाणणाऱ्या हकिमाचा शेवट

युनानी हकीम ज्यांना आदराने शेख-उर-रईस म्हणतात, त्या बू अली सीना यांचा इंतकाल हिजरी ४२८ च्या रमजान महिन्यात, म्हणजे इ.स. १०३७ मध्ये, इराणमधील हमदान शहरात झाला. औषध कसे पारखावे आणि किती द्यावे याचे नियम ज्यांनी घालून दिले, त्यांचीच तब्येत औषधाचे माप चुकल्यामुळे ढासळत गेली. रमजानमध्ये घरोघरी गोळ्यांच्या वेळा बदलतात, अशा दिवसांत ही हकिगत आठवण्यासारखी आहे.

इब्न सीनांचा जन्म इ.स. ९८० च्या सुमारास बुखाराजवळच्या अफ्शाना गावी झाला. वडील अब्दुल्ला मूळचे बल्खचे, सामानी राजवटीतले अंमलदार होते. आईचे नाव सितारा. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे कुरआन पठण पूर्ण झाले. हिशेब शिकायला वडिलांनी त्यांना एका भाजीविक्याकडे पाठवले, कारण त्याला हिंदी पद्धतीची आकडेमोड येत होती. भारतातून गेलेले गणित बुखाऱ्याच्या बाजारात इतके रुळले होते!

सोळाव्या वर्षी नामांकित वैद्य त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. पुढे बुखाऱ्याचे अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडले, तेव्हा या तरुणालाही उपचारासाठी बोलावणे आले. त्यातून शाही ग्रंथालयाची दारे त्यांना खुली झाली. सामानी सत्ता कोसळली तसे गुरगंज, जुर्जान, रय, हमदान, इस्फहान असे भटकणे नशिबी आले. हमदानच्या अमिराचा पोटशूळ त्यांनी बरा केला आणि ते तिथले वजीर झाले. दिवसा दरबाराचे काम, रात्री शागीर्दांना शिकवणे आणि लिहिणे असा त्यांचा क्रम होता.

याच धावपळीत ‘अल-कानून फित्-तिब्ब’ हा पाच खंडांचा ग्रंथ तयार झाला. दुसऱ्या खंडात औषध पारखण्याचे नियम आहेत. औषध निर्भेळ असावे. ते आधी गुंतागुंत नसलेल्या एकाच आजारावर वापरून पाहावे. सुरुवात सौम्य औषधापासून करावी. परिणाम केव्हा दिसतो, आधी काय होते आणि नंतर काय, याकडे लक्ष ठेवावे. परिणाम वारंवार दिसला तरच तो औषधाचा मानावा, एरवी योगायोग. आणि परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हावी, कारण घोड्याला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला गेला.

त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकिगत शागीर्द जुझजानी यांनी लिहून ठेवली आहे. इस्फहानचे अमीर अलाउद्दौला यांच्याबरोबर मोहिमेवर असताना इब्न सीनांना तोच पोटशूळ जडला. फौजेला माघार घ्यावी लागली तर मागे राहण्याची भीती होती. लवकर बरे व्हायचे म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती, म्हणजे एनिमा, घेतली. आतड्यांना जखमा झाल्या. पुढे एकदा त्यांनी बस्तीत दोन दानक अजमोद्याचे बी घालायला सांगितले. औषध तयार करणाऱ्या वैद्याने पाच दिरहम वजनाचे घातले. सहा दानकांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरापट झाली! हे चुकून झाले की मुद्दाम, हे जुझजानींनाही कळले नाही. झटके येत म्हणून ते एक माजून घेत. त्यात एका गुलामाने भरपूर अफू मिसळली. गुलामांनी तिजोरीतला पैसा चोरला होता आणि त्यांना मालक नकोसा झाला होता. यानंतर तब्येत कधी सावरली, कधी बिघडली. हमदानच्या वाटेवर दुखणे उलटले, तेव्हा शरीरात आता ताकद उरली नाही हे ओळखून त्यांनी उपचार थांबवले. काही दिवसांतच ते गेले.

घाई, चुकलेले माप आणि आत काय मिसळले याचे अज्ञान, या तिन्ही गोष्टी आजही आपल्या घरात आहेत. लवकर उतार पडावा म्हणून दोन गोळ्या घेतल्या जातात. पातळ औषध झाकणाऐवजी घरच्या चमच्याने मोजले जाते. डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर कुणी दिलेली बिननावाची पुडीही चालू असते आणि ती डॉक्टरांना सांगितली जात नाही.

रोजात आणखी जपावे लागते. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत सहरीला घेतले, तर दुपारी साखर एकदम खाली येऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी अंगातले पाणी कमी होते. रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला इजा करू शकते. चुकलेली गोळी भरून काढायला इफ्तारला दुप्पट घेऊ नये. वेळ आणि मात्रा डॉक्टरांनाच बदलू द्यावी, तीही रमजान सुरू होण्याआधी. घाम, थरथर, चक्कर सुरू झाली तर रोजा सोडून लगेच गोड काही घ्यावे. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. नवरात्राचे किंवा एकादशीचे उपवास करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही हीच काळजी लागू आहे.

इब्न सीनांची मजार आजही हमदानमध्ये आहे. आजारी पडल्यावर इतक्या मोठ्या हकिमालाही दुसऱ्याच्या हातून औषध घ्यावे लागले. म्हणून घरात ज्याच्या हाती आजाऱ्याची औषधे आहेत, त्याने प्रत्येक वेळी चिठ्ठी आणि मात्रा पुन्हा एकदा पाहावी.