रुग्णांची आश्रयदाती संत लिडविना

ज्युबिलीच्या या पुस्तिकेत राबत्या-धावत्या माणसांच्या कार्याचे वर्णन पुष्कळ येईल, आणि ते यावयासच हवे. परंतु बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपल्या वाड्यावस्त्यांवर अशीही काही माणसे आहेत, की जी अंथरुणास खिळलेली असल्यामुळे उत्सवाच्या मिस्सेस येऊ शकणार नाहीत. त्यांच्याकरिता, आणि त्यांची उठबस करणाऱ्या घरच्या मंडळींकरिता, एका संतिणीचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे. तिने आपल्या आयुष्याची सुमारे अडतीस वर्षे खाटेवर काढली. बेथेस्दाच्या तळ्याकाठी प्रभू येशूला भेटलेला तो रोगीही अडतीस वर्षांचाच दुखणाईत होता. फरक एवढाच, की त्यास प्रभूने बाज उचलून चालावयास लाविले, आणि हिला शेवटपर्यंत उठविले नाही.

लिडविनाचा जन्म इ. स. १३८० मध्ये हॉलंड देशातील स्कीडाम या गावी झाला. तिच्या बापाचे नाव पीटर व आईचे पेत्रोनिला. घराणे एके काळी मानाचे होते असे म्हणतात. पण पीटरच्या वाट्यास दारिद्र्यच आले होते, आणि तो रात्री गावात पहारा देण्याचे काम करी. आपल्याकडे पूर्वी जागल्या असे, तसेच ते काम. नऊ भावंडांत ही एकुलती एक मुलगी. शाळेत गेलेल्या भावांना जेवण पोहोचवावयास ती जाई, तेव्हा वाटेत देवळात शिरून पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे रेंगाळे आणि मग घरी उशीर झाल्याबद्दल बोलणी खाई, असे चरित्रकार सांगतात. उपवर होताच तिला मागण्या येऊ लागल्या. मुलगी देखणी होती. बापालाही स्थळे पसंत होती. परंतु आपण लग्न करणार नाही, आपले आयुष्य देवाला वाहिले आहे, असे तिने निक्षून सांगितले.

पुढील गोष्ट समजण्यास त्या देशाची थोडी कल्पना हवी. आपल्या भागात नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले की उसाला जीव येतो. हॉलंडातही गावोगाव कालवे आहेत. मात्र कडक हिवाळ्यात त्यांचे पाणी गोठून दगडासारखे घट्ट होते. मग जोड्यांच्या तळाशी पाती बांधून लहानथोर सारे त्या बर्फावरून घसरत जातात. १३९५-९६ च्या हिवाळ्यात पंधरा वर्षांची लिडविना मैत्रिणींच्या आग्रहास्तव अशीच बर्फावर गेली असता वेगाने येणारी एक मैत्रीण तिच्यावर आदळली. लिडविना बर्फाच्या ढेपांवर पडली आणि तिच्या उजव्या बाजूची बरगडी मोडली.

मोडलेले हाड यथावकाश सांधते. हिचे दुखणे मात्र तेथून वाढतच गेले. आत गळू झाले, ताप येऊ लागला, डोके व दात असह्य दुखू लागले. ती भिंतीला, बाकांना धरून चालू लागली. नंतर तेही होईना, तेव्हा गुडघ्यांवर सरपटू लागली. एकोणीस वर्षांची होईतो दोन्ही पाय लुळे पडले व दृष्टी बिघडली. काही काळ बरे वाटे, पुन्हा दुखणे उलटे. अखेरीस उजवा हात गेला, एक डोळा गेला, दुसऱ्यास उजेड सोसेना. डोके आणि डावा हात एवढेच काय ते हालत. वैद्य झाले, औषधे झाली. दरबारातील नामांकित वैद्य गॉडफ्रीड यानेही तिला तपासले व या व्याधीवर मनुष्याचा इलाज चालणार नाही, पैसा व्यर्थ दवडू नये, असे पीटरला स्पष्ट सांगितले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण संतचरित्रे वाचताना आपण ती विसरतो. लिडविना पहिल्या दिवसापासून सहनशील नव्हती. पहिली तीन-चार वर्षे तिने रडण्यात आणि कुढण्यात घालविली. बाहेर मैत्रिणींचे हसणे कानी पडले की तिला भडभडून येई; कोणी समजूत घातली तर ती अधिकच कष्टी होई. जे रोगी चिडतात, देवावर रुसतात, त्यांस श्रद्धाहीन म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. फादर यान पोट हे तिचे पापनिवेदन ऐकावयास येत. त्यांनी तिला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे मनन करण्यास शिकविले. प्रथम तिचे मन लागेना. सारे कोरडे वाटे. फादरांनी चिकाटी सोडली नाही. एकदा ते तिच्यासाठी पवित्र ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. तो घेतल्यावर तिचे अंतःकरण द्रवले आणि आपल्या वेदना प्रभूच्या वेदनांत मिळवावयाच्या हे तिला उमगले. वेदना तसूभरही कमी झाल्या नाहीत. मात्र त्यांचे काय करावयाचे, हे तिला कळले.

तेव्हापासून ती खोली गावातील दुःखितांचे माहेरघर झाली. लोक तिला जे देत त्यातले ती स्वतःकरिता काही ठेवीत नसे. सारे डाव्या हाताने गरिबांस वाटून टाकी. आईच्या मागे जे थोडेबहुत वाट्यास आले, तेही तिने दानधर्मात घातले. हिवाळ्यात त्या खोलीत थंडी इतकी असे की तिचे अश्रू गालांवर गोठत, असे लिहिलेले आढळते.

तिची खरी परीक्षा आजाराने नव्हे, संशयाने केली. तिचे अन्न हळूहळू तुटले. पुढे पुढे ती ख्रिस्तप्रसादाखेरीज काही घेत नाही, अशी वार्ता सर्वत्र पसरली, आणि १४२१ साली स्कीडामच्या नगरसभेने तशा अर्थाचा दाखलाही लिहून दिला. तेवढ्याने लोकांची तोंडे बंद झाली नाहीत. कोणी तिला ढोंगी म्हणे, कोणी सैतानाने पछाडलेली म्हणे. खुद्द गावच्या धर्मगुरूने, फादर आंद्रिस यांनी, तिची पारख करण्याकरिता अभिमंत्रित न केलेली भाकर ख्रिस्तप्रसाद म्हणून तिला दिली. तिने ती ओळखली. तरीही ही बाई भ्रमिष्ट आहे, असे त्यांनी गावात सांगितले. प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि त्यानंतर तिला ख्रिस्तप्रसाद अधिक वेळा मिळू लागला. १४२५ साली बर्गंडीच्या सैन्यातील शिपायांनी तिच्या खोलीत घुसून तिची विटंबना केली. तिची सेवा करणारी भाची पेत्रोनिला मध्ये पडली, तेव्हा त्यांनी तिलाही जखमी केले.

आता आजच्या वैद्यकशास्त्राचे म्हणणे. १८६८ साली पॅरिस येथील डॉक्टर शार्को यांनी मज्जासंस्थेच्या एका रोगाचे नेमके वर्णन केले. त्यास मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतात. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसे आपल्या मज्जातंतूंवर एक आवरण असते. या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच चुकून त्या आवरणावर हल्ला करते. वेष्टन झिजलेल्या तारेतून वीज नीट वाहू नये, तसे मेंदूचे निरोप हातापायांस व डोळ्यांस पोहोचेनासे होतात. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, पायांस मुंग्या येणे, तोल जाणे, अतिशय थकवा येणे ही त्याची चिन्हे. पुष्कळदा ती येतात, ओसरतात, पुन्हा येतात. तरुणपणी सुरू होणारे, चढउतार दाखविणारे आणि अनेक वर्षे रेंगाळणारे लिडविनाचे दुखणे हेच असावे, असा विचार १९७९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला, आणि या रोगाच्या इतिहासात सर्वांत जुनी रोगी म्हणून तिचे नाव घेण्यात येऊ लागले. सहाशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान खात्रीने करता येत नाही, आणि सर्व वैद्यांस हे मत मान्यही नाही. माझ्या मते रोगाला नाव मिळाल्याने तिच्या पावित्र्यास काही उणेपणा येत नाही. तिच्या अन्नत्यागात किती भाग गिळता न येण्याचा होता, हा विचारही एखाद्या वैद्याने केला तर भाविकाने रागावू नये.

उलट या ज्ञानाने आपले डोळे उघडावेत. हा रोग हिंदुस्थानात उत्तर युरोपाच्या मानाने विरळ, पण आहे. सकाळी चालणारी सून दुपारी पाय ओढू लागली की सोंग करते असे म्हणणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. आणि करणी झाली म्हणून देवऋष्याकडे नेणारी ख्रिस्ती घरेही, दुर्दैवाने, आहेत. फादर आंद्रिस शिकलेले होते, तरी फसले. मग आपली काय कथा! लिडविनाच्या काळी वैद्याने हात टेकले होते. आज रोग समूळ जात नसला तरी त्याचा वेग आवरणारी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर अधिक उपयोग होतो. यास्तव अशी चिन्हे दिसताच मज्जारोगतज्ज्ञास दाखवावे. या रोग्यांच्या साहाय्यासाठी १९८५ साली मुंबईस मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिची शाखा पुण्यासही आहे.

१४३३ सालच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरचा मंगळवार, तारीख १४ एप्रिल. दुखण्याचे अडतिसावे वर्ष चालू होते. त्या दिवशी आपणास एकटे असू द्यावे असे तिने सर्वांस विनविले होते. जवळ फक्त भावाच्या घरचा एक लहान मुलगा होता. त्याच दिवशी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लिडविनाने प्राण सोडला. दुसऱ्याच वर्षी तिच्या कबरीवर छोटे देऊळ उभे राहिले. फ्रान्सिस्कन धर्मगुरू योहान ब्रुगमन व थोमास अ केम्पिस यांनी तिची चरित्रे लिहिली. १६१५ साली तिच्या अस्थी ब्रुसेल्स येथे नेण्यात आल्या. पुढल्याच वर्षी इकडे गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापून निघाले. १८७१ साली त्या अस्थी स्कीडामला परत आल्या. आपला पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला, त्यानंतर चार वर्षांनी, १४ मार्च १८९० रोजी, परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी तिच्या परंपरागत भक्तीस ख्रिस्तसभेची मान्यता दिली. तिचा सण १४ एप्रिलला येतो. रुग्णांप्रमाणेच बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारेही तिला आपली आश्रयदाती मानतात.

ब्रुगमन यांच्या ग्रंथाची १४९८ साली स्कीडाम येथे छापलेली प्रत प्रसिद्ध आहे. तीत लाकडी ठशाने उमटविलेले एक चित्र आहे. पंधरा वर्षांची लिडविना बर्फावर पडली आहे, मागून एक मनुष्य घसरत येत आहे, आणि दोघीजणी वाकून तिला हात देत आहेत.