सागरतीरीची पाउलवाट : रेचेल कार्सन

रेचेल कार्सन हे नाव वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानांवरून एकदा तरी गेलेले असते. डी.डी.टी. सारख्या कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकन विदुषी, एवढीच त्यांची ओळख आपण करून देतो, आणि परीक्षेपुरती ती पुरतेही. परंतु ज्या काळात तो ग्रंथ आकाराला येत होता, त्याच काळात या बाईंच्या शरीरात कर्करोग घर करून बसला होता. चालण्याचे बळ वर्षागणिक घटत असतानाही त्यांनी समुद्रकाठच्या आणि रानातल्या आपल्या वाटा सोडल्या नाहीत. त्यांच्या चरित्रातील हा भाग ग्रंथाच्या कीर्तीमागे झाकून गेला आहे. येथे मुख्यतः तोच सांगावयाचा आहे.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या ॲलेघनी नदीकाठच्या गावी झाला. तीन भावंडांत ती धाकटी. घराभोवती ६५ एकर जमीन होती. पैसा मात्र नेहमीच बेताचा. आई मारिया ही लग्नापूर्वी शिक्षिका होती. थोरली दोन मुले शाळेत गेली की धाकटीला बरोबर घेऊन ती माउली रानात शिरे, पक्ष्यांची घरटी दाखवी, फुले ओळखावयास शिकवी. घरात शिरलेला किडासुद्धा न मारता बाहेर नेऊन सोडावा अशी तिची रीत होती. मुलीच्या हाती लेखणीही लवकरच आली. अकराव्या वर्षी, १९१८ मध्ये, मुलांच्या एका नामांकित मासिकात तिची गोष्ट छापून आली. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरीही पुस्तकांतून वाचलेल्या त्या समुद्राची ओढ तिला लहानपणापासून लागली होती. जन्मापासून लाटांचा आवाज ऐकत झोपणाऱ्या आपल्याकडील मुलांना या ओढीची कल्पना येणे जरा कठीणच आहे.

लेखिका व्हावयाचे म्हणून रेचेलने महाविद्यालयात इंग्रजी घेतले होते. तेथे मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेने जीवशास्त्र असे काही शिकवले की या मुलीने विषयच बदलला. १९२९ साली पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. समुद्राचे पहिले दर्शन झाले तेव्हा तिचे वय २२ वर्षांचे होते. १९३२ मध्ये तिने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची एम.ए. ही पदवी घेतली. पुढे डॉक्टरेट करावी हा विचार घरच्या अडचणींपुढे टिकला नाही. १९३५ मध्ये वडील गेले. १९३७ मध्ये थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुली रेचेलच्या व तिच्या आईच्या पदरी आल्या. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी मिळाली होती. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन असा क्रम पंधरा वर्षे चालला. १९५१ मध्ये समुद्रावरचा त्यांचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि खपाच्या यादीत तो ८६ आठवडे राहिला. त्या पैशाच्या आधारावर १९५२ मध्ये कार्सनबाईंनी नोकरी सोडली.

यानंतर त्यांनी केलेली पहिली मोठी चैन म्हणजे मेन राज्यातील साऊथपोर्ट बेटावर, शीपस्कॉट नदीच्या मुखाशी, १९५३ साली बांधलेले एक लहानसे उन्हाळी घर. घराच्या पायथ्याशी खडकाळ किनारा. ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी अडून राहते आणि प्रत्येक खळगा म्हणजे एक निराळे गाव होऊन बसते : समुद्रफुले, तारामासे, इवले खेकडे, रंगीत शेवाळ. बाई बादली आणि भिंग घेऊन त्या निसरड्या खडकांतून हिंडत. जे जीव घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास आणत, ते पाहून झाल्यावर पुन्हा समुद्रात नेऊन सोडत. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या किनाऱ्यावरील ग्रंथाच्या तयारीत तर त्या थंड पाण्यात इतका वेळ उभ्या राहिल्या की अंग बधिर होऊन पाऊल उचलेना. बरोबरच्या चित्रकार बॉब हाइन्स यांनी त्यांना उचलून बाहेर आणले. आमच्या गोव्यातही सुकती लागली की बायका कोयती घेऊन खडकांवर कालवे काढावयास जातात. त्यांच्या पायांना त्या खडकांची जशी ओळख असते, तशी ओळख कार्सनबाईंनी मुद्दाम, वर्षानुवर्षे चालून मिळवली होती.

साऊथपोर्टला डोरोथी फ्रीमन या शेजारणीशी त्यांचा जो स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. दोघींच्या घरांजवळ एक जुने रान होते. स्प्रूसची झाडे, जमिनीवर शेवाळाची गादी, आणि झाडांपलीकडून येणारा समुद्राचा आवाज. त्या रानाला त्यांनी आपसात ‘हरवलेले रान’ असे नाव ठेवले होते. ते विकत घेऊन कायमचे राखावे, असे बाईंना फार वाटे. ती इच्छा पुरी झाली नाही.

या वाटांवर त्यांना आणखी एक सोबती मिळाला. भाचीचा मुलगा रॉजर वीसेक महिन्यांचा असताना एका वादळी रात्री बाईंनी त्याला घोंगडीत गुंडाळून अंधाऱ्या किनाऱ्यावर नेले, आणि फुटणाऱ्या लाटांचा गडगडाट ऐकून ती दोघेही आनंदाने हसली. पुढे मेनच्या रानात पावसात हिंडताना, उन्हात कुरकुरीत वाटणारे दगडफूल पावसाने स्पंजासारखे मऊ झालेले रॉजरला सापडे आणि तो त्यावर उड्या मारी. नावे घोकून घेण्याचा बाईंचा आग्रह नसे. आधी पाहू दे, नवल वाटू दे, नावे मागाहून येतील, असा त्यांचा विश्वास होता. (आम्ही शिक्षक सहल काढतो ती बहुधा उलट्या क्रमाने, हे कबूल केले पाहिजे.) १९५७ साली रॉजरची आई वारली. पाच वर्षांच्या त्या मुलाला पन्नाशीच्या, अविवाहित कार्सनबाईंनी दत्तक घेतले.

१९५८ च्या आरंभी ओल्गा हकिन्स या परिचित बाईंचे पत्र आले. मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या खासगी पक्षिवनावर डासांसाठी विमानातून डी.डी.टी. फवारले गेले होते आणि पक्षी मरून पडले होते. या विषयाची काळजी कार्सनबाईंना पूर्वीपासूनच होती. आता त्यांनी पुरावा जमवावयास घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आई गेली. रानवाटांची पहिली सोबतीण ती.

आणि मग १९६० उजाडले. एप्रिलमध्ये त्यांच्या डाव्या स्तनावर मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती का, असे बाईंनी स्पष्ट विचारले असताही डॉक्टरांनी त्यांना खरे सांगितले नाही. रोग्यापासून, विशेषतः स्त्री-रोग्यापासून, असे सत्य लपवणे त्या काळी तेथे रूढच होते. डिसेंबरात नवी गाठ दिसली, तेव्हा त्यांनी क्लीव्हलंडच्या डॉ. जॉर्ज क्राइल यांच्याकडे धाव घेतली आणि रोग पसरला असल्याचे त्यांना प्रथमच कळले. आयुष्यभर पुराव्यावर जगलेल्या बाईंना स्वतःच्या देहाविषयीचा पुरावा आठ महिने नाकारला गेला होता. ही गोष्ट वाचताना आजही राग येतो.

१९६१ च्या आरंभी क्ष-किरणांचे उपचार सुरू झाले. त्यातच सांधे सुजले, पायांच्या शिरा दुखावल्या. काही काळ त्यांना चालताच येईना. चाकांची खुर्ची आली. वर्षअखेर डोळ्यांना सूज येऊन वाचणेही अशक्य झाले, तेव्हा मदतनिसाने मजकूर मोठ्याने वाचावा आणि बाईंनी तोंडी दुरुस्त्या सांगाव्यात, असे काम चालले. तरीही जरा बरे वाटले की बाई मेनला जात, आणि पाय नेतील तेथवर हिंडत. हे हिंडणे औषध म्हणून नव्हते. चालल्याने रोग हटेल असा त्यांचा मुळीच भ्रम नव्हता. आपण ज्यांच्या वतीने लिहीत आहोत त्यांना भेटून येणे, असे काहीसे ते असावे, असे मला वाटते. १९६२ च्या जानेवारीत हस्तलिखित पसंत पडल्याची वार्ता आली. त्या रात्री रॉजर झोपल्यावर त्या एकट्याच संगीत ऐकत बसल्या आणि त्यांना रडू कोसळले. हाती होते ते सर्व केल्याखेरीज पुन्हा कधी रानातल्या पाखराचे गाणे सुखाने ऐकता आले नसते, असे त्यांनी डोरोथीला कळवले.

‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे मुका वसंत, हा ग्रंथ २७ सप्टेंबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाला. पुढची खळबळ सर्वश्रुत आहे. सर्वच रसायने बंद करा असे बाईंनी म्हटले नव्हते. अंधाधुंद वापराला त्यांचा विरोध होता. तरी कारखानदारांनी त्यांना भाबड्या, भावनाविवश ठरवण्याचा चंग बांधला. म्हणूनच आपल्या रोगाची वार्ता फुटू नये यासाठी त्यांना जपावे लागले. रसायने आणि कर्करोग यांच्या संबंधावर त्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण होते. लेखिकाच कर्करोगाने आजारी आहे असे कळते, तर ही शास्त्रीय चिकित्सा नव्हे, वैयक्तिक राग आहे, असे म्हणावयास प्रतिपक्ष मोकळा झाला असता. जवळच्या चार माणसांनाच खरे ठाऊक होते. उपचारांनी गेलेल्या केसांवर टोप घालून त्या लोकांसमोर येत, आणि चालताना अडखळल्या तर संधिवाताचे कारण सांगत. ४ जून १९६३ रोजी सिनेटच्या समितीपुढे त्यांनी शांतपणे साक्ष दिली, ती याच अवस्थेत.

साक्ष आटोपून त्या साऊथपोर्टला गेल्या. तो त्यांचा तेथला शेवटचा उन्हाळा. पाठीचे हाड दुखावलेले, हृदयही थकलेले. ज्या खडकांतून त्या तासन् तास हिंडत, तेथे उतरणे आता जमत नव्हते. पण बेटाच्या दक्षिण टोकाला, नेवॅगन येथे, समुद्रासमोर बसावयास जागा होती. १० सप्टेंबर १९६३ च्या सकाळी डोरोथी आणि त्या तेथे जाऊन बसल्या. निळे आकाश, झाडांतून वाहणारा वारा, खडकांवर आपटणाऱ्या लाटा. इतक्यात नारिंगी रंगाची मोनार्क फुलपाखरे एकामागून एक, जणू कोणी ओढून न्यावीत तशी, संथपणे पश्चिमेकडे जाताना दिसू लागली. आपल्याकडे रुईच्या झाडावर दिसणारे, नारिंगी पंखांना काळी किनार असलेले फुलपाखरू त्यांच्याच कुळातले. पण मोनार्कचा प्रवास हजारो मैलांचा. ही फुलपाखरे शेवटी कोठे जातात हे त्या काळी शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हते. मेक्सिकोतील डोंगरांवरचा त्यांचा हिवाळी मुक्काम १९७५ साली सापडला. ती परत येतील का, यावर दोघी बोलल्या. बहुतेक येणार नाहीत, त्यांच्यापुरता हा अखेरचाच प्रवास, असे त्यांना वाटले. दुपारी घरी आल्यावर बाईंनी डोरोथीला, काही तासांपूर्वीच जी शेजारी बसली होती तिला, पत्र लिहिले. फुलपाखरांच्या त्या जाण्यात आपल्याला दुःख दिसले नाही, आणि स्वतःच्या जाण्याकडेही आपण तसेच पाहतो, अशा आशयाचे ते पत्र होते. तोंडाने बोलणे कदाचित जड गेले असते.

आणखी एक प्रवास उरला होता. ऑक्टोबरात व्याख्यानासाठी त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या आणि जवळचे म्यूर वुड्स हे जुने रान पाहून आल्या. रेडवुड म्हणजे जगातील सर्वांत उंच वृक्षांची जात. ते पाहावेत ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. निसर्गरक्षणाचे एक अग्रणी डेव्हिड ब्रॉवर सोबत होते आणि बाई चाकांच्या खुर्चीत होत्या. रान त्यांना अतिशय आवडले. मात्र ही खुर्ची आणि हा माणसांचा घोळका सोडून एकटीनेच आत, रानाच्या गाभ्यात चालत जावे, असे सारखे वाटत होते, असेही त्यांनी मैत्रिणीला कळवून टाकले. तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ही एवढी मात्र त्यांनी केली.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वसंताच्या दिवसांत, मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी त्यांनी देह ठेवला. वय ५६ वर्षांचे होते. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डी.डी.टी.च्या वापरावर बंदी घातली, ते पाहावयास त्या नव्हत्या.

त्यांच्या नावाने पुढे मेन राज्यात समुद्रकाठी एक अभयारण्य झाले. त्यातून मैलभराची एक पाउलवाट काढलेली आहे. जन्मगावाच्या परिसरातही त्यांच्या नावाची एक लांब डोंगरवाट आहे. त्यांच्या अस्थींचा काही भाग आईच्या शेजारी पुरण्यात आला. उरलेला भाग डोरोथी साऊथपोर्टला घेऊन गेली, आणि नेवॅगनच्या त्याच खडकांवरून तिने तो समुद्रात सोडला.